ओळख न पटलेलं यंत्र

शोभाताईंनी पाठवलेल्या फोटोत उबवणी यंत्रावरचा इवलासा लाल दिवा दिसत होता. आत त्यांच्या कोंबड्यांची अंडी होती आणि ऊब हळूहळू उतरत होती. यंत्रातला प्रोग्रॅम आमच्याच कंपनीचा. त्यातली चूक दुरुस्त करून नवा प्रोग्रॅम मी पुण्यातून इंटरनेटवरून पाठवत होतो, आणि यंत्र तो दर वेळी नाकारत होतं.

"अहो, तुम्हीच बनवलंय ना हे? मग तुम्हालाच कसं ओळखत नाही?" ताईंनी फोनवर विचारलं.

परक्या कुणी आत घुसू नये म्हणून प्रत्येक प्रोग्रॅमवरची आमची डिजिटल सही तपासायला आम्हीच त्याला शिकवलं होतं. आता तोच पहारा मला नकोसा झाला. जीव टांगणीला लागला की माणूस आपल्याच कुलपाला शत्रू समजू लागतो.

"मघाशी वीज गेली होती का?"

"गेली होती की."

"यंत्रावर तारीख काय दिसते?"

त्यांनी वाचलेली तारीख कित्येक वर्षं जुनी होती. वीज गेल्यावर घड्याळ मागे गेलं होतं, आणि यंत्राच्या हिशेबाने त्या तारखेला आमची सही अस्तित्वातच नव्हती. यंत्राचं बरोबर होतं.

ताईंनी मोबाइलवरून आजची तारीख भरली. मी प्रोग्रॅम पुन्हा पाठवला.

"दिवा हिरवा झाला! गरम हवा येतेय!"

मग त्यांनी विचारलं, "परका कुणी आला, तर त्यालाही असंच अडवेल ना?"

"अडवेल."

"मग असू दे हट्टी," त्या म्हणाल्या आणि अंडी बघायला गेल्या.