चौकट दिसते, आतलं दिसत नाही

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, पाणीखात्यात फिटर. फुटलेली लाइन जोडण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. पण पर्यवेक्षक व्हायचं तर खात्याची लेखी परीक्षा द्यावी लागते, आणि त्या परीक्षेने त्यांना दोनदा धूळ चारली होती. संधी तीनच. त्यात या खेपेला लंबूही बसणार होता. लंबू नोकरीत त्यांच्या मागून लागलेला. पाना कसा धरायचा हे त्याला भाऊजींनीच शिकवलेलं. तो पास आणि हे नापास झाले, तर उद्या त्यालाच "साहेब, इथे खणू का?" असं विचारायची पाळी.

भाऊजी अभ्यासात कमी पडत होते असं मात्र कुणी म्हणू नये. त्यांच्या नोट्स बघायला शेजारी यायचे. व्याख्या लाल, नियम हिरवे, अपवाद जांभळे, महत्त्वाच्या मुद्द्याभोवती नारिंगी चौकट. पुढे पुढे त्यांना सगळंच महत्त्वाचं वाटू लागलं आणि पानंच्या पानं नारिंगी झाली. नोट्स नियमावलीपेक्षा जाड भरल्या, कारण नियमावलीतलं सगळं उतरवून वर समासात वेलबुट्टी काढलेली होती. रद्द झालेले नियमसुद्धा त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून घेतले होते.

मी म्हटलं, "भाऊजी, हे रद्द झालेत ना?"

"म्हणून तर करड्या शाईत लिहिलेत!"

परीक्षा तोंडावर आली तशी वाटाणे सोलता सोलता ताई म्हणाली, "अहो, ती वही मिटा आणि मला सांगा. मोठी लाइन फुटली तर आधी काय करायचं?"

भाऊजींनी डोळे मिटले. "उजवं पान... खाली... हिरवी ओळ, भोवती चौकट..."

"चौकटीत काय आहे?"

"चौकट दिसतेय गं. आतलं दिसत नाही."

"म्हणजे घर रंगवून ठेवलंत, राहायला कुणीच नाही!"

भाऊजी उखडले. "तुला काय कळतंय त्यातलं?"

"नाहीच कळत. कळेल असं सांगा ना!"

आता आली का पंचाईत! भाऊजी घसा साफ करून म्हणाले, "आधी वॉल्व बंद करायचा."

"कुठला?"

"जवळचा."

"म्हणजे आपल्या कोपऱ्यावरचा? मग दवाखान्याचं पाणी जाईल त्याचं काय?"

भाऊजी नियमावली उघडून बसले. तो नियम त्यांनी तीनदा उतरवला होता. वाचत पहिल्यांदाच होते.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ताईपुढे हजेरी. ताईच्या ज्या प्रश्नावर दातखीळ बसेल तेवढाच प्रश्न पाठकोऱ्या कागदावर, हाती लागेल त्या पेन्सिलीने. अक्षर असं, की शेजाऱ्यांना दाखवायची सोय राहिली नाही. लंबू येऊन ती रंगीत वही मागून घेऊन गेला. भाऊजींनी ती देऊनही टाकली, म्हणजे बघा!

परीक्षेहून आले ते चेहरा पाडूनच.

"काय झालं?" ताई म्हणाली.

"सगळं लिहिलं. पण तुला सांगायची सवय लागलेली... पहिल्याच उत्तराची सुरुवात 'अगं, आधी दवाखान्याला कळवायचं' अशी झाली."

"खोडलंत ना?"

"खोडलं. पण 'अगं' दिसतंय."

तपासनीसही संसारी माणूस असावा. भाऊजी पास झाले; लंबू राहिला. पर्यवेक्षकाची पाटी शर्टाला लावून भाऊजी पहिल्या दिवशी कामावरून आले ते चपला काढता काढताच सांगू लागले, "अगं, आज चौकात काय झालं माहितीये? एवढी मोठी लाइन फुटली! मी म्हटलं, पळा, खणा..."

ताईने ऐकून घेतलं. मग विचारलं, "पण खणायच्या आधी रस्ता कुणी अडवला होता?"

साहेब तसेच उठले आणि नियमावली शोधू लागले.