दोन नावांची यादी

कोल्हापूर जिल्ह्यात जे जे म्हणून जागचं हलतं, त्या सगळ्याचं वजन आमच्या थोरल्या साडूंना ठाऊक असतं. यात अतिशयोक्ती आहे, पण फार थोडी. गॅसची टाकी, पांढऱ्या रश्श्याचं पातेलं, शेजाऱ्यांनी नवा आणलेला फ्रिज, लग्नातली नवरी, जे समोर येईल त्याच्याकडे साडू एकदा मान तिरकी करून बघतात आणि आकडा सांगून मोकळे होतात. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. माझ्या लग्नात अक्षता पडल्यावर सगळ्यात आधी तेच पुढे आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कानात म्हणाले, "पावणं, हारासकट ब्याऐंशी." आज मी ब्याण्णव आहे, आणि हेही मला त्यांच्याकडूनच कळलं.

हा दैवी चमत्कार नव्हे, नोकरीचा परिणाम. साडू एका विमान कंपनीत होते. विमानात माणसं किती, सामान किती, इंधन किती, त्यातलं पुढे किती आणि मागे किती, हे गणित मांडून तो कागद वैमानिकाच्या हातात द्यायचा, हे त्यांचं काम. तो कागद आल्याशिवाय विमान जागचं हलत नसे. अर्धं आयुष्य त्यांनी मुंबईत आणि बेळगावात काढलं. पुढे उजळाईवाडीच्या विमानतळावर कंपनीचं छोटं विमान येऊ लागलं, तेव्हा हट्टानं बदली मागून ते शिवाजी पेठेतल्या आपल्या घरी परतले. मोठ्या शहरातून माणसं परततात ती सुटाबुटाची ऐट घेऊन. साडू परतले ते एक स्प्रिंगचा काटा घेऊन, आणि तो त्यांनी देवघराच्या शेजारच्या खिळ्याला अडकवला.

त्यांच्याबरोबर प्रवास करणं ही शिक्षा होती. एकदा सासरच्या सगळ्या गोतावळ्यासह जोतिबाला जायला जीप ठरवली. नारळ, डबे, गुलाल भरून झाला, सगळे दाटीवाटीनं बसले, ड्रायव्हरनं किल्ली फिरवली आणि साडूंनी हात वर केला. "उतरा सगळी." मग भर रस्त्यात त्यांनी एकेकाला नजरेनं जोखून जागा वाटल्या. मला चाकाच्या बरोबर वर बसवलं, माझ्या बायकोला विरुद्ध बाजूला, आणि सासूबाईंपाशी आल्यावर जरा अडखळले. मान तिरकी केली, पण नऊवारीच्या घोळामुळे अंदाज लागेना. शेवटी त्यांनी सरळ विचारलं, "आत्याबाई, किती भरतासा?" सासूबाई तशाच परत घरात गेल्या. जावयानं चारचौघांत वजन विचारलं हे त्यांनी पुढची तीन वर्षं प्रत्येक हळदीकुंकवात सांगितलं. साडूंचं म्हणणं एवढंच की घाटात गाडी एकदाही कलली नाही, हे कुणी सांगत नाही.

पेठेतल्या तालमीत मात्र त्यांना गुरूचा मान होता. कुस्तीच्या मोसमात पोरं वजन करायला तालमीच्या काट्यावर चढत आणि उतरल्यावर साडूंकडे बघत. एका पैलवानाला काट्यानं गटात बसवलं आणि साडूंनी बाहेर काढलं. "सहाशे ग्रॅम जास्ती हाय की गड्या." वस्ताद चिडले, साडूही हटले नाहीत, शेवटी दुसऱ्या तालमीतून काटा मागवला. सहाशे ग्रॅम बरोबर निघाले. त्या दिवसापासून तालमीतला जुना काटा भिंतीकडे तोंड करून उभा आहे.

दुसरं वेड वेळेचं. विमान सुटण्याआधी काउंटर बंद होतो, मग पंतप्रधान आले तरी उघडत नाही, हा नियम त्यांनी घरालाही लावला होता. त्यांच्या घरी जेवायला एकचं बोलावणं असलं की बारा वाजून वीस मिनिटांनी काउंटर बंद. मी एकदा साडेबाराला पोचलो. आतून तांबड्या रश्श्याचा वास येत होता, अक्का, म्हणजे माझी मेव्हणी, "अवो घ्या की त्यास्नी आत," म्हणून गयावया करत होती, आणि साडू दारात उभे राहून अतिशय प्रेमानं मला सांगत होते की पुढच्या रविवारी यावं. अक्कानं मागच्या दारानं घेतलं म्हणून मी जेवलो.

पण या माणसाचा एक नियम होता, त्याला मात्र कुणी हसत नसे. उन्हाळ्यात दुपारी हवा तापली की छोट्या विमानाला सगळा भार पेलत नाही. मग एखाद्या प्रवाशाला तिकीट असून उतरवावं लागतं. कुणाला उतरवायचं? जो सगळ्यात शेवटी आला त्याला. आणि सांगायचं कसं? साडू म्हणत, "तोंडावर. म्होरं उभं ऱ्हाऊन. चिठ्ठी न्हाय, माइक न्हाय, दुसऱ्याकडनं निरोप न्हाय. माणूस उतरवायचा तर त्याच्या डोळ्यात बघायची ताकद पायजे." एकदा एका बड्या पुढाऱ्यावर ही वेळ आली. साडू विमानाच्या जिन्यापाशी गेले, हात जोडले आणि म्हणाले, "सायेब, तुमी शेवटी आलासा. उतरावं लागतंय." पुढारी अर्धा तास ओरडत होते. साडू तेवढा वेळ समोर उभे राहिले, ऐकून घेतलं, मग त्यांची बॅग स्वतः उचलून गाडीपर्यंत नेली आणि ती चौदा किलो आहे हेही सांगितलं. पुढे ते पुढारी भेटले की साडूंना आग्रहानं उसाचा रस पाजत.

मग तो रोग आला आणि विमानं जमिनीवर बसली.

पहिल्या महिन्यात पगार कापला, तेव्हा साडू हसले. दुसऱ्या कपातीला म्हणाले, "अर्धं इंधन भरून विमान अर्ध्या रस्त्यात काय करतंय, इचारा की त्या सायबास्नी." मग बिनपगारी रजा सुरू झाल्या. तरीही रोज सकाळी ते मास्क लावून विमानतळावर जात, रिकाम्या काउंटरवरची धूळ पुसत आणि परत येत. विमानतळावरच्या कंपनीच्या ठाण्यावर सहा माणसं होती आणि साडू त्यांचे प्रमुख. सगळ्यात नवी एक मुलगी होती, कागलची, बियाण्यांचं दुकान चालवणाऱ्या एका जैन कुटुंबातली. घराण्यात नोकरीसाठी बाहेर पडलेली पहिलीच मुलगी. तिला नोकरी लागली तेव्हा वडिलांनी दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला पेढा दिला होता. साडूंनी तिला वजनाचं गणित शिकवलं होतं, आणि "माझ्यापेक्षा पोरीचा कागद चोख असतोय," असं ते माझ्याकडे कबूल करत. साडूंच्या तोंडून अशी कबुली म्हणजे सूर्य मागं फिरल्यासारखं होतं.

एके दिवशी मुख्य कचेरीतून मेल आला. खर्च आवरायचा आहे, सहापैकी दोन नावं कमी करण्यासाठी कळवा, दोन दिवसांत. बस. साडूंनी दोन दिवस ताटाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "गाडी काढा. कागलला जायाचं हाय." गाडीत बसताना त्यांनी भाराचा हिशेब मांडला नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

कागलला मुलीच्या वडिलांनी "या पावणं, बसा" म्हणून खुर्च्या मांडल्या. साडू बसले नाहीत. मुलगी मास्क सावरत बाहेर आली. ते तिच्यासमोर सहा फुटांवर उभे राहिले आणि म्हणाले, "पोरी, कंपनीनं दोन नावं मागितली. एक तुझं दिलंय मी. तू शेवटी आलीस म्हणून. कामात काय खोट न्हाय तुझ्या." वडिलांच्या हातातला चहाचा ट्रे तसाच राहिला. मुलगी रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "दुसरं कुणाचं, सर?"

"ते तुला कशाला?" असं म्हणून साडू गाडीकडे वळले.

परतताना महामार्गावर मीही तेच विचारलं. ते खिडकीबाहेर बघत होते. "माझं," ते म्हणाले. मी गाडी बाजूला घेऊन बंद केली. मी वाट्टेल ते बोललो. अक्काचा विचार केलात का, या वयात कोण नोकरी देणार, नियमाप्रमाणे तुमच्या आधी आलेला त्या ठाण्यावर कुणीच नाही, मग तुमचं नाव कुठल्या नियमात बसतं? ते शांतपणे म्हणाले, "ती ऱ्हायलेली चौघं घर चालवायला लागल्यात. माझं घर चालून झालंय. आणि पोरीला एकटीला कसं उतरवायचं?" मला राग येत होता आणि त्याच वेळी या माणसाचा साडू असल्याचा अभिमान वाटत होता. अक्कानं त्यांच्याशी आठ दिवस अबोला धरला. नवव्या दिवशी तिनंच त्यांचा युनिफॉर्म इस्त्री करून ठेवला.

कारण त्या दिवशी कंपनीनं सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर बोलावलं होतं. मी तेव्हा त्यांच्याच घरी होतो. साडू पूर्ण युनिफॉर्म घालून, टाय बांधून, जेवणाच्या टेबलाशी बसले. मोबाईल चिवड्याच्या डब्याला टेकवून ठेवला होता. पडद्यावर पंचविशीतला एक मुलगा आला आणि कागदावरून इंग्रजीत वाचू लागला. सगळ्यांचे आवाज कंपनीनं तिकडूनच बंद केले होते. कोल्हापूरचं ठाणं आजपासून बंद. सहाही जणांची सेवा समाप्त. कंपनी आपली आभारी आहे. तीन मिनिटंही झाली नसतील. साडूंनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला. काही विचारायचं होतं. तो मुलगा खालीच बघत वाचत होता. साडूंनी हात आणखी उंच केला. पडदा काळा झाला तरी हात वरच होता.

मग त्यांनी कचेरीतल्या एका जुन्या मित्राला फोन लावला. एकच प्रश्न विचारला, "मग माझ्या यादीचं काय झालं?" फोन स्पीकरवर होता. मित्र म्हणाला, "कसली यादी? अरे, तुमचं ठाणं बंद करायचं महिन्यापूर्वीच ठरलं होतं. ते नावांचं पत्रक सगळीकडे गेलं, तसं तुमच्याकडेही गेलं असणार. तुझा मेल कुणी उघडलाही नसेल."

मी आयुष्यात धक्के खाल्ले आहेत, पण असा नाही. कुणी उघडलाही नसेल! दोन दिवस ज्या माणसाच्या घशाखाली घास उतरला नाही, ज्यानं कागलच्या त्या दारात उभं राहून पोरीच्या डोळ्यात बघितलं, त्याच्या त्या मेलवर कुणाचं बोटही पडलं नव्हतं. मी शिव्या देत होतो. अक्का भिंतीला टेकून बसली होती. साडूंनी टाय सोडला, त्याची नीट घडी केली आणि म्हणाले, "उद्या कागलला जायला पायजे."

"आता कशाला? फोन करा की."

"तोंडावर सांगितलंय, तोंडावरच माघारी घ्याला पायजे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच दार, त्याच खुर्च्या. साडू म्हणाले, "पोरी, सगळ्यास्नीच काढलंय, ते तुला ठावं हाय. माझी यादी कुणी बघितलीच न्हाय. तवा तू माझ्यामुळं गेली न्हाईस. पर तुझं नाव मी लिवलं हुतं, ते खरं हाय. ते मला माघारी घ्यायचंय." मुलीचे वडील म्हणाले, "सर, बसा वो आधी. कंपनीनं तोंड बी दावलं न्हाय. तुमी दोनदा दारात आलासा." मुलीनं मान हलवली. तिला राग नव्हता. पण माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हणालो, "बाळ, त्या दिवशी तू विचारलंस ना, दुसरं नाव यांचं स्वतःचं होतं."

आपल्या नोकरीसाठी न रडलेली ती मुलगी तिथल्या तिथे, उंबऱ्यावर बसून ओक्साबोक्शी रडली. "सर, तुमचं कशाला घातलंसा? तुमच्याबिगर आमी सगळी काय केलो असतो?" असं ती पुनःपुन्हा म्हणत राहिली. त्या पुढाऱ्याचा अर्धा तास आरडाओरडा पचवणारे साडू या रडण्यापुढे पार गडबडून गेले. तिची समजूत घालायचं सोडून ते माझ्यावरच खेकसले, "पावणं, तुमास्नी कुणी बोलायला सांगितलं हुतं?"

त्याला आता काही वर्षं झाली. मुलगी पुण्याला एका मोठ्या गोदामात मालाचं नियोजन बघते आणि सणाला घरी आली की शिवाजी पेठेत येऊन जाते. उजळाईवाडीला दुसऱ्या कंपन्यांची विमानं येतात. साडू महामार्गालगतच्या एका खासगी वजनकाट्यावर बसतात. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांत त्यांचं नाव आहे, की काटा सांगायच्या आधी हा बाबाच आकडा सांगतो. मध्यंतरी मी तिथे गेलो होतो. दुपारची वेळ होती, समोर ट्रॅक्टरांची रांग होती. बऱ्याच दिवसांपासून मनात होतं ते मी विचारलं, "तसा मेल पुन्हा आला, तर काय कराल?"

त्यांनी खिडकीतून एका ट्रॉलीकडे मान तिरकी करून बघितलं, पण आकडा सांगितला नाही.

"दोन्ही जागी माझंच नाव लिवीन," ते म्हणाले. "कोण उघडून बघतंय, पावणं?"

आणि ट्रॅक्टरवाल्याला पुढे यायची खूण केली.