दुसरं बिस्किट

अख्ख्या नागपुरात डच माणूस एकच राहत होता, आणि तो माझ्या थोरल्या ताईचा नवरा होता. आमचे हे भाऊजी तसे वर्ध्याकडचे. धंतोलीतल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायचे. सत्तरच्या दशकात दवाखान्याने हॉलंडहून नवं मशीन मागवलं आणि ते शिकायला भाऊजींना तीन महिने तिकडे धाडलं. तोवर एकट्याने ते इटारसीच्या पलीकडे गेले नव्हते. ताईने डोळे पुसत पुसत लोणचं आणि सांडग्या मिरच्या बांधून दिल्या. तीन महिन्यांनी जो माणूस परत आला, तो तिला पुन्हा पहिल्यापासून ओळखून घ्यावा लागला.

तिकडे ते एका म्हाताऱ्या बाईच्या घरी राहिले. ही बाई गोठलेल्या कालव्यावर भाऊजींच्या हाती स्वयंपाकघरातली खुर्ची द्यायची आणि ती ढकलत बर्फावर घसरायला शिकवायची. घरात कुणाचा वाढदिवस असला की आलेला पाहुणा सगळ्या घरादाराचं अभिनंदन करी. भाऊजींना हे इतकं आवडलं, की ताईच्या वाढदिवसाला त्यांनी माझा, आईचा आणि दूधवाल्याचाही हात धरून जोरजोरात हलवला. दूधवाला पुढे आठवडाभर आमच्याकडे संशयाने बघत होता.

पण त्यांना खरी भुरळ पडली ती तोंडावर खरं बोलण्याची. तिसऱ्याच दिवशी बाईने सांगितलं होतं, तुमच्या खोलीत लोणच्याचा वास येतो आणि तो मला आवडत नाही. "सांगून टाकलं अन् लगेच कॉफी देल्ली!" भाऊजी कौतुकाने सांगत. "पोटात काही ठेवलंच नाही गा बुडीनं!" तेव्हापासून भाऊजींनीही पोटात काही ठेवलं नाही. मला मुलगी बघायला गेलो, तेव्हा पोह्यांची बशी हातात घेऊन त्यांनी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना सांगितलं, "पोरगा साधा आहे, पण आळशी आहे." माझं लग्न सहा महिने लांबलं. दवाखान्यात तर कहर. आपल्याकडे रोग नातेवाइकांच्या कानात सांगतात आणि रोग्याला म्हणतात, नॉर्मल आहे. भाऊजींना याची भयंकर चीड. "ज्याचं फुफ्फुस त्यालेच पत्ता नाही, काहून?" असं म्हणत त्यांनी एका म्हाताऱ्याला टेबलावरच सगळं सांगून टाकलं. त्याच्या मुलांनी भाऊजींची कॉलर धरली. म्हातारा मात्र जाताना त्यांना नमस्कार करून गेला.

हॉलंडहून त्यांनी आणलेली वस्तू एकच, बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा. रोज चारला कॉफी. डबा उघडायचा, प्रत्येकाला एक बिस्किट द्यायचं आणि झाकण टप्पकन लावायचं. तिकडची रीतच तशी. त्यात राज्यपाल आले असते तरी बदल झाला नसता. "पाहुण्यायले एक बिस्कुट देते का कोणी? लाज वाटते मले," ताई म्हणायची आणि भाऊजी आत गेले की पाहुण्यांच्या हातावर चिवडा ठेवायची.

दुसरं बिस्किट त्यांना तिकडे एकदाच मिळालं होतं. निघायच्या आठवड्यात ती बाई डॉक्टरकडून आली, कॉफी केली आणि लावलेलं झाकण पुन्हा उघडलं. "बुडीनं आधी बिस्कुट देल्लं, मंग सांगितलं, डॉक्टर म्हणते एक वर्ष." ही गोष्ट भाऊजींनी आम्हाला शंभरदा सांगितली असेल. ताई भाजी चिरता चिरता त्यांच्या आधीच शेवट सांगून मोकळी व्हायची.

काही वर्षांनी ताईचा खोकला दोन महिने हटेना. एक्स-रे भाऊजींनीच काढला. अंधाऱ्या खोलीत प्लेटही त्यांनीच धुतली. मी बाहेर बाकावर बसलो होतो. ओली प्लेट दोन्ही हातांनी धरून ते बाहेर आले आणि तसेच थेट डॉक्टरांच्या खोलीत गेले. डॉक्टरांनी सहा महिने सांगितले. आता भाऊजी ताईला कसं सांगतात, या धास्तीने मी दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेलो, तर ते अंगणात सायकल पुसत होते. "न्युमोनिया आहे, बरा होईल," माझ्याकडे न बघता ते मोठ्याने म्हणाले. ताईला ऐकू जावं म्हणून.

ताई आत गाद्यांना टेकून बसली होती. तिने मला जवळ बोलावलं. "प्लेट खराब निघाली न रे? काल कॉफीसंगं मले दुसरं बिस्कुट देल्लं त्याईनं." तिने माझा हात दाबला. "मले समजलं हे त्याईले सांगू नको. पहिल्यांदा खोटं बोलून राहिले, बोलू दे." मी तिला शब्द दिला. सहा महिने ती न्युमोनियाचं औषध म्हणून मिळेल ते घेत राहिली, आणि दोघंही एकमेकांना लवकर बरं होण्याबद्दल सांगत राहिले.

तेरावं झाल्यावर एकदा मी चारच्या कॉफीला गेलो. भाऊजींनी एकेक बिस्किट काढलं, झाकण लावलं आणि बराच वेळ त्या झाकणावर हात ठेवून बसले. "साऱ्या गावाले खरं सांगितलं," ते म्हणाले, "अन् हिलेच फसवलं. तिले शेवटपर्यंत समजलं नव्हतं, न गा?"

मी ताईला शब्द दिला होता. "नाही भाऊजी," मी म्हणालो. त्यांचा चेहरा मात्र मला बघवेना. काय करावं ते कळेना, म्हणून मी डबा ओढला, झाकण उघडलं आणि त्यांच्या बशीत आणखी एक बिस्किट ठेवलं.

भाऊजी त्या बिस्किटाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे.

"समजलं होतं म्हणजे," ते हळूच म्हणाले.

मी मान खाली घातली. त्यांनी ते बिस्किट मोडून अर्धं माझ्या बशीत ठेवलं. त्या दिवशी झाकण लावायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.