हाताले कळते

"थांबा मॅडम, आधी मी उचलून पाहते."

आमच्या अंगणवाडीच्या मदतनीस बाई लेकराला बगलेत धरून उचलायच्या, डोळे मिटायच्या आणि मगच वजनकाट्याच्या झोळीत ठेवायच्या. तुम्ही पाहिलं असतंत तर हसला असतात. मी पर्यवेक्षिका, माझा विश्वास कागदावर. पण काटा काय सांगणार, ते त्यांना आधीच ठाऊक असायचं.

"हाताले कळते जी," एवढंच त्या म्हणायच्या.

आलापल्लीपलीकडच्या त्यांच्या गावात एकदा चैत्रात मी न कळवता तपासणीला गेले. अंगणवाडीला कुलूप! माझं डोकंच फिरलं. मेमो लिहायला पेन काढलं, तेवढ्यात एका म्हाताऱ्याने रानाकडे बोट दाखवलं.

जाऊन बघते तो काय, बाया मोहफुलं वेचताहेत आणि झाडाखाली आठ-दहा लेकरं खिचडी खाताहेत. पातेलं बाईंनी डोक्यावरून आणलेलं. त्यांच्या मांडीवर अडीच वर्षांची पायल, गावातलं सगळ्यात हडकुळं पोर.

"कुलूप काऊन लावलं?" मी त्यांच्याच बोलीत ओरडले.

"लेकरांच्या माया पहाटेच मोहाले येतात, मॅडम. लेकरू दुपारलोक उपाशी राह्यते. पायल माह्या हाताले हलकी लागून राह्यली. ते येत नाई, तं अंगणवाडी तिच्याकडं आणली. लिहा तुमचा मेमो. पन आधी तिले उचला."

उचललं. भरलेली समजून रिकामी घागर उचलावी, तसे माझे हात वर गेले. मला रडूच आलं. मेमो पर्समध्येच राहिला.

हंगाम सरेपर्यंत अंगणवाडी मोहाखाली भरली. ते नियमात कसं बसवायचं, ते मी बघून घेतलं. पावसाळ्याआधी बाईंनी पायलला उचललं आणि मिटल्या डोळ्यांनीच हसल्या. काट्याकडे मी नंतर पाहिलं, तेही सवयीने.

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोपाला पायल आली, आता नर्सिंगला असलेली. आल्याआल्या तिने बाईंना बगलेत धरून उचललं. आम्ही सगळे हसलो. पायल हसता हसता थांबली.

"मावशी, किती हलक्या झाल्या तुम्ही! जेवता का नाई?"

"तुलेबी हाताले कळलं वं!" बाई कौतुकाने म्हणाल्या.

पायलने त्यांना दुसऱ्याच दिवशी चंद्रपूरला दवाखान्यात नेलं. पण आजार फार पुढे गेला होता. दोन महिन्यांत बाई गेल्या.

इतकी वर्षं आम्ही त्या गावातल्या प्रत्येक लेकराचं वजन केलं. बाईंना आमच्यातल्या कोणी उचलून पाहिलं नाही.