टेनिसवर लावलेले अठरा हजार

चाचांच्या गल्ल्यातून अठरा हजार रुपये मी काढले होते. घरात किंवा बाजारात, कुणालाच हे ठाऊक नाही. काढले तेही टेनिसच्या एका सामन्यासाठी. टेनिसमध्ये पंधरा, तीस आणि मग एकदम चाळीस असे गुण का मोजतात, हे मला आजही कळलेलं नाही.

इंदापूरच्या मासळी बाजारात चाचांची आणि माझी भागीतली आडत. ते माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. बोली ते पुकारायचे, वजनाला मी. पळसदेवचे मच्छीमार सकाळी क्रेट उतरवायचे, नऊपर्यंत लिलाव आटपायचा. चाचा वही ठेवत नसत. कुणाची चिलापी काय भावानं गेली, कुणाचे किती द्यायचे, सगळं डोक्यात. दुसऱ्या दिवशी ज्याचे त्याच्या हातात. इतक्या वर्षांत रुपयाचा फरक पडला नव्हता, आणि चारचौघांत हे सांगायला त्यांना आवडायचं.

क्रिकेटच्या नादानं मी फोनवर एक ॲप घेतलं होतं. अमका जिंकेल का, असा प्रश्न, आणि 'होय'ला एक भाव, 'नाही'ला एक. आपलं खरं ठरलं तर दहा रुपये, नाही तर शून्य. मधल्या वेळात भाव वरखाली व्हायचा. मी त्याला जुगार म्हणत नव्हतो. भाव दिसला की मला बाजारच वाटायचा.

एक दिवस क्रिकेट नव्हतं, टेनिस होतं. कुठल्याशा देशात दोन पोरं खेळत होती, नावंही उच्चारता येईनात. खुर्च्या सगळ्या रिकाम्या, एक बाई तेवढी छत्री धरून बसलेली. उंच पोराचा 'होय' सात रुपयांना होता. थोडा घेतला. भाव पाचावर आला, मग तिनावर.

आमच्याकडं ऊन चढलं की भाव उतरतो. सकाळी एकशेवीसनं गेलेली चिलापी उशिरा सत्तरला मिळते, मासळी तीच. शहाणं गिऱ्हाईक त्या वेळेची वाट बघतं. मीही तेच केलं. उंच पोरगा तोच होता की, नुसता स्वस्त झाला होता. चाचा पैसे मोजून ठेवून नमाजाला गेले होते. गल्ल्याची चावी दोघांकडं असायची. पैसे काढले, शेजारच्या मोबाइलवाल्याला रोख देऊन माझ्या खात्यावर घेतले, आणि सगळे लावले.

मग जे दिसलं ते मला अजून उमगलेलं नाही. भाव आधी पडायचा आणि उंच पोराचा चेंडू जाळीत नंतर जायचा. माझ्याआधी हे कुणाला कळत होतं? मी फोन झटकून बघितला, बंद करून चालू केला. शेवटी भाव शून्यावर गेला. पडत्या भावाच्या चिलापीचं निदान कालवण तरी होतं.

दुसऱ्या दिवशी पैसे वाटताना कमी पडले. चाचांनी दोनदा मोजले. एक मच्छीमार हसत म्हणाला, "चाचा, आता वही घ्या. न्हायतर आमची मासळी तुमच्या टकुऱ्यातच सडंल."

चाचा हसले नाहीत. माझ्याकडं बघून म्हणाले, "माझंच चुकलं असंल का रं?"

मी म्हणालो, "होतं चाचा असं कधीकधी."

त्यांनी घरून अठरा हजार आणून सगळ्यांचे भागवले. माझ्यावर संशय घेतला असता तर मी कबूल केलं असतं, असं वाटतं. खात्री नाही.

त्यानंतर मी सुधारायला गेलो आणि आणखी बिघडवलं. माझ्या वाट्यातून दोन-दोन हजार गुपचूप गल्ल्यात टाकू लागलो. आता मोजले की पैसे जादा निघायचे. हे आपलेच परत आलेत, असं त्यांच्या मनात कसं येणार? कुणाला तरी कमी दिले गेले, असं समजून ते पळसदेवला जायचे, विचारत फिरायचे. कुणीतरी डोकं खाजवत म्हणायचा, व्हय, पडलं असतील कमी, आणि घ्यायचा. असं नऊ वेळा झालं. थांबावं हे मला का सुचलं नाही, कळत नाही.

शेवटी मीच त्यांना बारामतीला डॉक्टरकडं नेलं. गाडीही माझीच. डॉक्टरनं शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. चाचा न अडखळता दोनापर्यंत आले. यांचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं आहे, असं डॉक्टर म्हणाला.

बाहेर चप्पल घालताना चाचा म्हणाले, "डॉक्टर पोरगेला हाय. त्याला काय कळतंय? गल्ला खोटं बोलत न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बोली सोडली. आता मी पुकारतो, आणि वही ठेवतो. तसली ॲपं पुढं बंद झाली. चाचा सकाळी चहापुरते येतात, कटला काय भावानं गेला विचारतात, आणि सांगितलं की परत विचारतात, नीट ऐकलं ना मी? परवा त्यांनी खिशातली दहा रुपयांची चिल्लर माझ्याकडून मोजवून घेतली.

चाचांचे अठरा हजार मी अजून देणं लागतो. त्यांचा हिशेब एकदाही चुकला नव्हता, हे त्यांना सांगणंही बाकी आहे.