माझ्या कानातली बुचं

ह्ये मी आजपत्तूर कुणाला बोलले न्हाई. पोराला न्हाई, सुनेला तर न्हाईच. देवाफुडं हात जोडते तवाबी येवढं सोडून बाकीचं बोलते. तुमी लांबचं, म्हणून तुमाला सांगते.

मी वडगाव रासाईची. शाळा चौथीपत्तूर. नवरा लवकर ग्येला, मग लोकाच्या रानात खुरपून सुनीलला आयटीआय शिकवला. कंपनीत लायटीचं काम बघतो त्यो. नाद लय त्याला — जुनं काय घावलं की खोलून बघायचं, दुसरंच कायतरी बनवायचं. तसंच एक मशीन त्यानं मागच्या खोलीत उभं केलं. खोलीला खिडकी न्हाई. लोखंडी अँगलची मांडणी, तिच्यावर जुन्या कंप्युटरची कार्डं वळीनं बसवलेली, आन् ती तापू नयेत म्हणून कूलरचं, गाड्यांचं, मिळंल तसलं पंखं. मी इचारलं, ह्ये करतं काय? म्हणला, "आई, ह्ये रातध्याड गणितं सोडवतं. त्यातनं नाणं निघतं." दाव म्हणलं. तर म्हणं ते हातात धरता येत न्हाई, क्रिप्टो म्हंत्यात त्याला. हौसंनंच केलं व्हतं त्यानं.

पर त्याचा आवाज — कसा सांगू? गिरणीगत न्हवं, मोटरीगत न्हवं. एकच सूर, कवा न तुटणारा. शेजारचं आबा रस्त्यावरनं हाळी द्यायचं, "सुन्या, घरात इमान उतरवलंस का काय रं?" समदी हासायची. पर आमची मांजर त्या दाराकडं फिरकायची न्हाई. भितीला हात लावला तर भित जिती लागायची. ऊन, आन् थरथरती.

सुनीलनं कंपनीतनं कानात घालायची रबरी बुचं आणली आन् दाराशी खिळ्याला अडकवली. बुचं घातल्याबिगर आत जायचं न्हाई म्हणला. नातू झाला, सून माहेरनं त्याला घिऊन आली, तवा परत बजावलं — लेकराला तिकडं अजाबात न्यायचं न्हाई, आई. मी व्हय म्हणलं.

सून मनीषा, भांडगावची. थंडी सुरू झाली आन् ती शेवंती तोडायला जायला लागली. दुपारभर लेकरू माझ्यापाशी. रडायचं — लाल व्हायचं रडून. माझं गुडघं थंडीनं असं आखडलेलं की त्याला घिऊन चार पावलं फिरता येईना. एक दिवस गुडघं शेकावं म्हणून मी ते दार उघडलं. कडंवर त्यो व्हता.

आत पाय टाकला आन् त्याचं रडणं मधीच थांबलं. तोंड उघडं तसंच राह्यलं. मशीनवर बारीक हिरव्या लायटी लुकलुकायच्या, त्यांच्याकडं डोळं लागलं त्याचं. गोधडीवर निजवलं तर निजला न्हाई, हालला न्हाई, नुसता बघत राह्यला. त्या लायटी त्याच्या डोळ्यात दिसायच्या. मला वाटलं, ह्ये आपलं लेकरू न्हवंच. कुणाचं तरी ऐकतंय ते. भ्याले का मी? भ्याले. पर पाठ भितीला टेकली व्हती, गुडघं मोकळं झालं व्हतं — उठलेच न्हाई.

मग रोज न्हेलं. शिमग्यापत्तूर रोज. मनीषा यायच्या आत भाईर यायचे. ती म्हणायची, आत्याबाई, तुमच्यापाशी किती गप ऱ्हातो ह्यो. मी हासायचे.

आता जे सांगायचं ते — सांगते.

बुचं मी माझ्या कानात घालत व्हते.

त्याच्या कानाचं मला सुचलं न्हाई असं न्हाई. एक दिवस सुचलं. खिळ्यावरनं बुचं काढताना हात थांबला माझा. त्याच्याकडं बघितलं. मग घातली, आन् त्याला घिऊन आत ग्येले.

एकदा दुपारीच लाईट ग्येली. पंखं थांबलं. मी बुचं काढली, उठताना पाय लागून पत्र्याचा डबा त्याच्या डोक्यापाशी फरशीवर आपाटला. त्याची पापणी हालली न्हाई. बंद पडलेल्या मशीनकडंच बघत व्हता त्यो. त्या दिसापासनं न्हेलं न्हाई. आन् बोललेबी न्हाई.

हाक मारली तर लेकरू वळत न्हाई, ह्ये मनीषाच्या ध्यानात आलं तवा दौंडला न्हेलं, मग पुण्याला. डॉक्टरनं इचारलं, घरात मोठा आवाज असतो का? सुनीलनं मशीनचं सांगितलं आन् माझ्याकडं वळला. "आई, तू त्याला कवा आत न्हेलं व्हतंस का?"

मी न्हाई म्हणलं. डॉक्टर म्हणलं, जन्माचंबी असू शकतं, नक्की सांगता येत न्हाई. सुनीलनं त्याच आठवड्यात मशीन मोडून भंगारात घातलं.

गावातल्या बाया यायच्या, असं कसं झालं इचारायच्या. मी म्हणलं, ही पोटुशी असताना गिरान लागलं व्हतं, हिनं तवा इळीवर भाजी चिरली. असं म्हणलं की कुणी फुडं इचारत न्हाई. मनीषा तिथंच बसली व्हती. खरं काय? त्या गिरानात मीच दाराशी बसून तिची राखण केली व्हती. पाण्यालाबी उठू दिलं न्हवतं तिला.

नातू आता पाच वर्साचा हाय. कानाला मशीन हाय, थोडं ऐकतो म्हंत्यात. ती खोली मोकळीच असती. दुपारचा एकटाच तिथं जातो आन् भितीला दोनी तळवं लावून हुबा ऱ्हातो. मी दारात ग्येले की मान वळवून माझ्याकडं बघतो. तळवं काढत न्हाई.

मागं परत गिरान झालं. मनीषाला आता कुठं दिवस ग्येलेलं? तरी लागल्यापासनं सुटस्तवर ती भितीला टेकून बसली, हात मांडीवर, बोट हालवलं न्हाई. सुटल्यावर माझ्यापाशी आली. हळूच म्हणली, "आत्याबाई, मला आठवतच न्हाई वो. खरंच चिरली व्हती का मी भाजी त्या दिवशी?"

घरात आमी दोघीच.

"चिरली व्हतीस," मी म्हणलं. "दोडका व्हता."

तिनं मान हालवली आन् न्हायला ग्येली.