लीद पडेपर्यंत

आमच्या दाजींइतकी पोटाची काळजी करणारा माणूस बारामती-इंदापुरात दुसरा सापडायचा नाही. फक्त ते पोट घोडीचं असलं पाहिजे. माझ्या ताईचा हा नवरा कळंबला शेती करतो आणि दारात एक पांढरी घोडी पाळतो. ताई तापानं फणफणली तेव्हा "गोळी घेतलीस न्हवं?" एवढं विचारून मोकळे झाले. घोडी एक वेळ पाणी कमी प्याली, तर घरात सुतक!

रोज सकाळी घोडीच्या कुशीला कान लावून उभे राहतात, आधी डावीकडून, मग उजवीकडून. आत गुडगुड ऐकू आली की मग स्वतःचा चहा. आधी वाळला चारा, मग खुराक, तोही थोडा थोडा. त्यापायी माझ्या वास्तुशांतीला भरल्या पंगतीतून उठले. "घोडीच्या वैरणीची येळ झाली." मी हातात जिलेबीचं ताट घेऊन बघतच राहिले. कडब्याची पेंढी तर अशी हुंगतात, की बुरशीचा नुसता संशय आला तरी ती उकिरड्यावर. शेजाऱ्यानं प्रेमानं उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाढं आणून टाकलं, ते त्यालाच परत न्यायला लावलं. असा सोयरा मिरवायचा तरी कसा?

एका दसऱ्याला तर कहर झाला. सीमोल्लंघनाला गावच्या पालखीपुढं दाजींची घोडी चालते. मी बारामतीहून पुरणपोळ्या नेल्या होत्या. एक घोडीपुढं धरली. दाजींनी ताट हातातून काढून घेतलं. "मेव्हणीबाई, पुरण माणसाला. हिला सोसत न्हाय." चारचौघींत! मी तणतणत आत गेले. ते आंघोळीला गेले आणि गल्लीतल्या बायांनी घोडीची पूजा करून आपापल्या घरची पोळी तिला चारली.

दुपारी घोडी पाय आपटू लागली, वळून वळून स्वतःच्या कुशीकडं बघू लागली. दाजींनी कान लावला. "आवाज बंद हाय," म्हणाले, आणि त्यांचा चेहराच उतरला. जनावरांच्या डॉक्टरांनी येऊन इंजेक्शन दिलं. "लीद पडली की वाचली. तोवर खायला काही नको." दाजी तिला अंगणात हळूहळू फिरवत राहिले. बाहेर ढोल वाजायला लागले.

पालखीचे मानकरी आबा तरातरा दाजींकडं आले. "तात्या, देव ताटकळलाय!"

"देवाला म्हणावं, आमीबी ताटकळलोय. लीद पडल्याबिगर घोडी हलायची न्हाय."

"अख्खं गाव लिदीसाठी थांबवतोस व्हय?"

"पोळ्या अख्ख्या गल्लीनं चारल्या, तवा कुठं होता, आबा?"

पालखी घोडीविना निघाली. वर्षाच्या सणाला ताईनं मान खाली घातली आणि मला दाजींचा असा संताप आला, की बोलायची सोय नाही. ऊन कलताना घोडीनं शेपटी उचलली. दाजी त्या लिदीशेजारी मटकन बसले आणि उपरण्यात तोंड लपवून रडले. सकाळपासून उपाशी होते. माझी नाकारलेली पोळी त्यांनी तिथंच बसून खाल्ली, पोळी बरी झालीय एवढंही म्हणाले नाहीत.

आता घोडी म्हातारी झालीय. तिच्या दाढा झिजल्या म्हणून दाजी खुराक भिजवून देतात. स्वतःच्या पडल्या तरी भाकरी कोरडीच चावतात. यंदा दसऱ्याला मी पोळ्यांबरोबर कडब्याच्या पेंढ्या नेल्या. दाजींनी एक पेंढी उकलून बराच वेळ हुंगली. "झ्याक हाय," म्हणाले. मग कुशीला कान लावला आणि मला खुणेनं जवळ बोलावलं. "ऐका."

मी पदर सावरून कान लावला. आत लांबवर कुठंतरी पाट वाहत असावा, तसा आवाज येत होता. दाजी माझ्या तोंडाकडं बघत होते. मी नुसतं "हं" म्हटलं. कान मात्र काढला नाही.